‘रिप्लिकेशन आहे ना, मग टेन्शन काहून?’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री भाच्याचा फोन. इथंच नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात कामाला आहे, त्यांच्या कॅसांड्रा क्लस्टरचा (अनेक मशीनवर वाटून ठेवलेला डेटाबेस) एक नोड, म्हणजे त्यातलं एक मशीन, शुक्रवारी बसला. मला विचारतो, "मामा, जुनं मशीन दुरुस्तीहून आलं की तसंच चालू करून देऊ ना?" म्हटलं हे कोणी शिकवलं बे, तर व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरून राहिला आहे, "नोड मेला तर घाबरू नका, 5 गोष्टी", कारण म्हणे रिप्लिकेशन आहे, म्हणजे एकाच डेटाच्या कॉप्या अनेक नोडवर आहेत. पोरगं ते वाचून प्रॉडक्शनला, म्हणजे चालू सिस्टिमला, हात घालायला निघालं होतं म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डच्या नादी मी लागत नाही.

पहिली गोष्ट आणि सगळ्यात भयंकर: "जुना नोड कधीही परत जोडा, डेटा आपोआप सिंक होतो." कधीही? दोन तास बंद होता, रीबूट केला, आला, तर हो, खरंय, बाकीचे नोड त्याच्या वाट्याच्या राइट्स (नव्या नोंदी) हिंट्स म्हणून जपून ठेवतात अन् तो आला की देऊन टाकतात. पण डिफॉल्टला 3 तासच. त्यानंतरचं कोणी जपत नाही, रिपेअर चालवावंच लागतं, म्हणजे नोडांच्या कॉप्या ताडून जिथं जे कमी ते भरणं. आणि 10 दिवस उलटून गेले असले तर तेच रिपेअर अंगावर येतं. कॅसांड्रात डिलीट म्हणजे रो (टेबलातली एक नोंद) लगेच पुसत नाहीत, त्यावर टूमस्टोन लावतात, ‘हा गेला’ अशी पाटी समजा. ही पाटी ठेवायची मुदत म्हणजे जीसी ग्रेस, डिफॉल्टला 8,64,000 सेकंद, तेच 10 दिवस, ते संपले की कॉम्पॅक्शनमध्ये (जुन्या फायली एकत्र करून साफ करताना) रोही जाते आणि पाटीही. आता तुमचा 15 दिवस झोपलेला नोड उठला, त्याच्याकडे रो आहे, पाटी नाही, कॉप्या ठेवणाऱ्या बाकी दोघांकडे ना रो ना पाटी. रिपेअरला एवढंच दिसतं की या दोघांकडे एक रो कमी आहे, अन् ते बिचारं इमानदारीनं वाटून देतं. एका क्लायंटकडे डोळ्यांनी बघितलंय मी हे, अकाउंट बंद केलेल्या लोकांना पुन्हा रिमाइंडरचे एसएमएस जायला लागले, अख्खा दिवस सगळे हॅक झालं हॅक झालं करत बसले, आणि निघालं काय, तर महिनाभर कोपऱ्यात पडलेला नोड कोणीतरी डिस्क न पुसता लावला होता.

दुसरी: "नव्या नोडचा आयपी त्याच्याच सीड लिस्टमध्ये टाका, झटकन जॉइन होतो." (सीड लिस्ट म्हणजे क्लस्टरमध्ये येताना आधी कोणाला भेटायचं त्यांची यादी.) होतो ना झटकन! डेटा आणायचाच नसेल तर वेळ कशात जाणार? स्वतःच्या लिस्टमध्ये स्वतःला सीड म्हणवणारा नोड बूटस्ट्रॅप, म्हणजे आपल्या वाट्याचा डेटा बाकीच्यांकडून आणणं, करतच नाही, रिकामा येऊन बसतो. नोडटूल स्टेटस या कमांडमध्ये ऐटीत यूएन (अप, नॉर्मल), आणि लोडच्या कॉलममध्ये बाकीच्यांचे 400 जीबी तर याचे काही केबी. कन्सिस्टन्सी वन, म्हणजे एकाच कॉपीचं उत्तर पुरे, अशी ठेवली असेल तर ज्याची रीड याच्याकडे गेली त्याला ‘रेकॉर्ड सापडलं नाही’.

तिसरी, "रिप्लेस कशाला, आधी रिमूव्हनोडनं मेलेला काढा मग नवा जोडा, एकच गोष्ट आहे." नाही बाप्पा. रिमूव्ह केलं की उरलेले नोड आपसात डेटा हलवणार, नवा आला की पुन्हा हलवणार, वर क्लीनअप (उरलेला फालतू डेटा पुसणं) वेगळं. रिप्लेसमध्ये नवा नोड मेलेल्याचेच टोकन, म्हणजे त्याच्याच डेटाचा वाटा, घेतो, स्ट्रीमिंग (डेटा ओढणं) एकदाच.

चौथी, "रिप्लिकेशन फॅक्टर 3 (प्रत्येक डेटाच्या 3 कॉप्या) म्हणजे दोन गेले तरी चालतं." वनवर चालतं, मान्य. कोरमला, म्हणजे बहुमताला, 3 पैकी 2 लागतात, मेलेल्या त्या दोघांवर ज्या डेटाच्या कॉप्या होत्या तिथं सरळ एरर.

पाचवी बॅकअपची, ‘लागतच नाही’ म्हणे. चुकीचा डिलीट पण तिन्ही कॉप्यांवर जातो ना भाऊ! अख्खं टेबल ड्रॉप केलं तर ऑटो स्नॅपशॉट (आपोआप घेतलेली प्रत) वाचवेल, डिलीटला तेही नाही.

आणि हे माझ्या घरचं ज्ञान नाही. कॅसांड्राच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट आहे, रिप्लेस करण्याआधी नोड हिंट विंडोपेक्षा (हिंट्स जपायचे ते 3 तास) जास्त वेळ बंद होता तर रिपेअर करावंच लागेल, तिथं ‘मस्ट’ हा शब्द कॅपिटलमध्ये छापलाय. त्या पाच गोष्टींत रिपेअर हा शब्द एकदाही नाही.

भाच्याला म्हटलं, जुनी डिस्क चढवू नको, नवं मशीन घे, सीड लिस्टमधून त्याचं नाव काढ, रिप्लेस ॲड्रेस फर्स्ट बूट या सेटिंगला मेलेल्या नोडचा आयपी दे, पूर्ण झालं की रिपेअर. काल रात्री साडेअकराला त्याचा नेटस्टॅट्सचा (डेटा किती आला ते दाखवणाऱ्या कमांडचा) स्क्रीनशॉट आला, स्ट्रीमिंग चालू होतं, खाली लिहिलं होतं, "मामा, रिपेअर आजच करायचं का?"