अननसाच्या धाग्याचा उतारा

बेळगाव भागातल्या खानापूर, शहापूर, वडगावकडच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. अननसाच्या टाकाऊ पानांचा धागा पोलादाहून मजबूत असतो, ही आपली हजारो वर्षांची विद्या आहे, त्यापासून शंभर टक्के नैसर्गिक चामडे बनते, आणि ऊस मोडून अननस लावल्यास फळाबरोबर धाग्याचेही उत्पन्न घरबसल्या मिळते, असा त्याचा आशय. धागा उत्तम असतो, यात वाद नाही. संदेश मात्र फार ताणला आहे.

हजारो वर्षांचा दावा लगेच निकालात निघतो. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात भारतात आणला आणि हे नावही त्यांच्याबरोबरच आले. अननसाच्या धाग्याच्या कापडाची नावाजलेली परंपरा फिलिपाइन्सच्या आकलान प्रांतात आहे. तिथल्या पिन्या हातमाग विणकामाचा युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

मजबुतीचे विधान अर्धवट आहे. तंतूत साधारण ७० ते ८० टक्के सेल्युलोज असते आणि त्याची घनता पोलादाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी, म्हणून वजनाच्या हिशेबाने सुटा तंतू साध्या पोलादाला मागे टाकतो. पण तेच आपल्या बांधावरच्या घायपाताबद्दलही म्हणता येते, आणि त्याचे कौतुक कोणी पुढे पाठवत नाही.

खरी मेख उताऱ्यात, म्हणजे कच्च्या मालातून किती माल हाती येतो त्यात आहे, आणि हा शब्द ऊसवाल्यांना समजावून सांगायला नको. साखरेचा उतारा दहा टक्क्यांखाली घसरला की आपण हवालदिल होतो. इथे १०० किलो हिरव्या पानांतून वाळलेला धागा मिळतो २ ते ३ किलो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या बनवासीहून आणवलेली चार पाने मी पाटावर ठेवून, फिलिपाइन्समध्ये करतात तशीच, फुटक्या बशीच्या कडेने खरवडून पाहिली. मेणचट हिरवा गर निघताच खालून रेशमासारखे पांढरेशुभ्र तंतू दिसले खरे, पण अर्ध्या तासाच्या खटाटोपानंतर हाती आली ती करंगळीएवढी लड, आणि दोन दिवस सुकलेल्या पानांतून तर तुकडेच निघाले. खरवडण्याची यंत्रे आहेत, पण त्यांनाही ताजीच पाने लागतात, म्हणून यंत्र बागेजवळच हवे. अननसाच्या बागा शिरसी, बनवासी, सागर या बाजूला, तेव्हा तिथून शहापूरला पाने आणणे म्हणजे टेम्पोभर पाणी आणि गर वाहणे. शिवाय फळ पोसेपर्यंत पाने ओरबाडता येत नाहीत, कारण फळ त्यांच्याच जिवावर वाढते.

चामड्याबाबत संदेशाचा रोख पिनाटेक्स या अननसाच्या तंतूंपासून बनणाऱ्या चामड्यासारख्या कापडाकडे दिसतो. त्याच्या एका चौरस मीटरला सुमारे ४८० पाने लागतात. तंतू विणलेले नसून मक्यापासून केलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाबरोबर नमद्यासारखे दाबलेले असतात, आणि वर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकने युक्त लेप असतो. म्हणजे ‘शंभर टक्के’ हे शब्द गळायला हवेत.

संदेशासोबत साडीचे छायाचित्रही आहे. अननसाचा तंतू कागदासारखा जळून हलकी राख ठेवतो. ‘पाइनॅपल सिल्क’ म्हणून आमच्या घरी आलेल्या साडीच्या पदरातला धागा काडीवर धरला, तर त्याचा कृत्रिम धाग्यासारखा काळा टणक मणी झाला.