स्ट्रिंग ऑफ पर्ल्स: ‘आठवड्याला दोन चमचे पाणी’ हा सल्ला झाड का मारतो

स्ट्रिंग ऑफ पर्ल्स म्हणजे हिरव्या मण्यांसारख्या गोल पानांच्या लोंबत्या माळांचं झाड. त्याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: दर आठवड्याला दोन चमचे पाणी किंवा थोडा स्प्रे, ऐसपैस कुंडी, तळाला खड्यांचा थर, आणि टांगायला घरातला कुठलाही कोपरा. तो पाळूनच बहुतेक झाडं जातात.

पाण्यापासून सुरू करू. ‘या झाडाला कमी पाणी लागतं’ हे खरं, पण कमी म्हणजे कमी वेळा. एका वेळी थेंबभर नव्हे. दोन चमच्यांनी वरची सेंटिमीटरभर माती भिजते. खालची मुळं सुकून मरतात, वरचा बुंधा मात्र दमट राहून कुजायला लागतो. पाणी तळाच्या भोकातून वाहेपर्यंत द्या, ताटलीत साचलेलं ओतून टाका आणि माती तळापर्यंत सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका. वार ठरवू नका, मणी दाबून पाहा. माती कोरडी आणि मणी हिरवे पण मऊ, सुरकुतलेले असतील तर पाणी द्या. मणी टणक असतील तर थांबा. माती ओली असूनही मणी मऊ, पाणचट, पिवळट झाले असतील तर मुळं कुजली आहेत. तेव्हा पाणी देणं म्हणजे उरलंसुरलं झाड घालवणं.

खड्यांच्या थराने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी ती पुरती भिजेपर्यंत खाली जाड खड्यांत उतरत नाही, त्यामुळे ओला थर उलट वर, मुळांजवळ सरकतो. परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र कण) किंवा जाड वाळू घालायची ती मातीतच, निम्म्यास निम्मी. कुंडी उथळ आणि मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच रुंद हवी. मुळं उथळ असतात. जास्तीची माती नुसती ओली राहते.

कुठलाही कोपरा? सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. आफ्रिकेच्या दक्षिण भागात ही वेल झुडपांच्या आडोशाने जमिनीवर पसरते, म्हणजे वरून येणारा उजेड तिच्या अंगभर पडतो. उंच टांगलेल्या कुंडीत लोंबत्या माळांना उजेड मिळतो, माथा अंधारात राहतो. मग बुंध्याकडचे मणी आधी गळतात आणि मधोमध टक्कल पडतं. कुंडीचा काठ खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा खालीच ठेवा, माती काठापासून सेंटिमीटरभरच खाली असू द्या. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारच्या कडक उन्हाने मणी भाजतात. मण्यांमधलं अंतर वाढू लागलं की उजेड कमी पडतोय.

टक्कल पडलंच असेल तर दहा-पंधरा सेंटिमीटरच्या माळा कापून दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग मातीवर वेटोळं करून ठेवा आणि पेरं (माळेवर पानं फुटतात त्या जागा) मातीला टेकतील अशा बेताने हेअरपिनने दाबा. पेरांना मुळं फुटेपर्यंत माती किंचित ओलसर ठेवायची. हलकं ओढल्यावर माळ सुटत नाही, म्हणजे ती रुजली.