थंड इंजिनची टिकटिक घट्ट ऑइलने दाबू नका

पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन टिकटिक करत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग) वाजतोय. पुढच्या सर्व्हिसला २०डब्ल्यू-५० ऑइल घाला, सोबत ऑइल ट्रीटमेंटची (ऑइलमध्ये मिसळायच्या औषधाची) एक बाटली ओता, स्टार्ट केल्याकेल्या जरा रेस करा. आवाज थांबला की इंजिन ठणठणीत. तरीही शंका असेल तर इंजिन चालू ठेवून एकेका नोजलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा) पाइप ढिला करून बघा. निफाडचा द्राक्षवाला असो की नारायणगावचा टोमॅटोवाला, ज्याचं घर त्या एका गाडीवर चालतं आणि जिचा हप्ता अजून फिटायचाय, त्याला हा सल्ला फार महागात पडेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“टिकटिक म्हणजे टॅपेटच.” टॅपेट हे एक कारण आहे, एकमेव नाही. आवाज किती वेळ टिकतो ते आधी बघा, निम्मं निदान तिथेच होतं. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनात रात्रभर उभ्या गाडीच्या टॅपेटमधलं ऑइल थोडं उतरतं. सकाळी दाब आला की ते परत भरतं आणि काही सेकंदांत आवाज जातो. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ऑइलचा दिवाही नेहमीपेक्षा उशिरा विझत असेल तर ऑइल फिल्टरकडे बघा. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल मागे उतरू न देणारी रबरी झडप असते. स्वस्त किंवा नकली फिल्टरमध्ये ती कडक होते, नीट बसत नाही, आणि रोज पहिले काही सेकंद इंजिन कोरडं फिरतं. सर्व्हिसनंतर लगेच टिकटिक सुरू झाली असेल तर पहिला संशय फिल्टरवरच घ्यावा.

आवाज पाच-दहा मिनिटं टिकून इंजिन तापल्यावर जात असेल तर गोष्ट वेगळी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाची, गॅस्केट फुटली किंवा बोल्ट तुटला की थंड असताना फटीतून गॅस सुटतो. धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज बंद होतो. हा आवाज टॅपेटसारखाच वाटतो आणि त्याला कारण आहे. इंजिन ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर टॅपेट हलवणारा कॅमशाफ्ट मिनिटाला ४०० फेरे घेतो, म्हणजे एक टॅपेट सेकंदाला सहा-सात ठोके देतो. एका सिलिंडरचा गॅसही त्याच ठेक्यात सुटतो. नुसत्या कानाने दोन्ही वेगळे काढणं म्हणूनच अवघड. गाडी थंड असताना टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड जिथे हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) बसतो तिथे बघा. काळी काजळी दिसली तर टॅपेट कव्हर उघडायची घाई नको. नोजलच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर असेल तर नोजलखालचा तांब्याचा वॉशर गळतोय. तो वेळेत बदलला नाही तर नोजल हेडमध्ये असा अडकतो की काढताना हेडच उतरवायची वेळ येते.

शिवाय थंड डिझेल इंजिन मुळात खडखडतंच. गार हवेत डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो, मग साचलेलं एकदम पेटतं. नवी कोरी गाडीही थंडीत हा आवाज करते.

आणि खरंच टॅपेट असेल तर? टॅपेटची गॅप स्क्रूने लावायच्या इंजिनात पुस्तिकेतला आकडा आणि फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी), एवढंच मानायचं. आवाज मारायला गॅप आवळणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. गाडी शांत होते खरी, पण व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही आणि जळतो. जरा वाजणारा टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षा बरा.

“२०डब्ल्यू-५० घाला.” या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग हाच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत कसं वाहतं ते सांगतो, नंतरचा १०० अंशांना किती घट्ट राहतं ते. ४० अंशांनाच २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जास्त घट्ट असतं. निफाडला जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तिथला फरक याहून मोठा. तक्रार आहे ऑइल वर उशिरा पोचण्याची आणि उपाय सांगतात आणखी उशिरा पोचणाऱ्या ऑइलचा! अति घट्ट ऑइल थंड असताना फिल्टरमधून नीट जात नाही, बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं ऑइल बेरिंगांवर जातं. पुस्तिकेत २०डब्ल्यू-५० लिहिलेलं असेल तर बेलाशक घाला, नसेल तर नको. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या बीएस-६ गाडीला तर कमी राखेचं ऑइलच लागतं. दुसऱ्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती जाळून निघत नाही.

“ट्रीटमेंटची बाटली.” तुटलेला बोल्ट, फुटलेली गॅस्केट, गळका वॉशर यातलं काहीही बाटलीने जुळत नाही. त्याच पैशात अस्सल फिल्टर येतो.

“रेस करा.” ऑइल वर पोचायच्या आधी वेग वाढवला तर कोरडे भागच जोरात घासतात. पूर्ण वेगात टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तोही त्याच ऑइलच्या पातळ थरावर. अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवा, मग पहिले दोन-चार किलोमीटर हलक्या पायाने चालवा.

“आवाज गेला की इंजिन ठणठणीत.” मॅनिफोल्डचं वर सांगितलंच. बेरिंगचं तर उलटं असतं. त्याचा आवाज टिकटिक नसून जड ठोका असतो आणि इंजिन तापून ऑइल पातळ झालं की तो वाढतो. घट्ट ऑइलने तो काही दिवस दबतो, मालक निर्धास्त होऊन माल भरत राहतो आणि एक दिवस घाटात रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. तापल्यावर वाढणारा ठोका ऐकू आला तर इंजिन बंद करा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या. त्या टप्प्यावर बेरिंगांवर भागू शकतं, पुढे अख्खं इंजिनच उघडावं लागतं. डिपस्टिकही रोज बघा. पातळी न भरता वर चढत असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. डीपीएफच्या गाड्यांत हे होतं आणि ऑइल पातळ पडून बेरिंगं जातात.

“नोजलचा पाइप ढिला करून बघा.” जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री असंच करून कोणता सिलिंडर वाजतो ते शोधत. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तिथे, हे अजिबात करू नका. तिथे आयडललाही शेकडो बार दाब असतो, लोडवर हजाराच्या वर जातो. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण आत डिझेल पसरतं आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हातही जाऊ शकतो. कॉमन रेलला स्कॅनर लावला की प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त द्यावं लागतंय ते पडद्यावर दिसतं. ज्या गॅरेजमध्ये स्कॅनर नाही, तिथे हे काम देऊ नका.