पुढच्या वर्षीचा पिक सगळ्यांचा सारख्या भावाचा नसतो

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये टीम दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. निवडीची एक पाळी म्हणजे एक पिक, आणि आदल्या हंगामात जास्त हरलेल्या टीमचा पिक आधी येतो. टीम हे पिक एकमेकींशी बदलतात, त्याला ट्रेड म्हणतात. अशा ट्रेडमध्ये सर्वांत चुकीचा भाव लागतो तो पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या पिकला. आणि मला वाटतं, चूक सवयीतून होते.

डॅलस काउबॉइजनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गुणांचा एक तक्ता केला. तेव्हाचे त्यांचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो अजून चालतो. पहिल्या पिकला ३०००, दहाव्याला १३००, बत्तिसाव्याला ५९० गुण. ऑफर आली की दोन्हीकडची बेरीज मांडायची आणि फरक खालच्या फेरीतल्या पिकने भरायचा. पुढच्या वर्षीचा पिक कितवा येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तो सरसकट ३२ पिकच्या फेरीतला मधला, म्हणजे १६वा धरतात आणि वर्षभर थांबावं लागणार म्हणून एक फेरी खाली उतरवतात. १६व्याचे १००० गुण असतात, पण हाती लागतात ४८व्याचे ४२०.

२०१७ मध्ये कॅन्सस सिटी पॅट्रिक महोम्स या नवख्या क्वार्टरबॅकसाठी (चेंडू फेकून टीमचा हल्ला चालवणारा खेळाडू) बफेलोशी सौदा करून २७वरून १०वर आली. बफेलोला मिळाले २७वा (६८०), ९१वा (१३६) आणि २०१८चा पहिल्या फेरीचा पिक (४२०). बेरीज १२३६, म्हणजे तक्त्याप्रमाणे ६४ कमी. तो पिक पुढे २२वा निघाला. यात नवल नव्हतं: कॅन्सस सिटीने आदल्या हंगामात १२ सामने जिंकले होते, आधीचा क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ खेळणारच होता आणि महोम्सला घाईने मैदानात उतरवायची गरज नव्हती.

आता २०२३ची कॅरोलायना पाहा. क्वार्टरबॅक ब्राइस यंगसाठी पहिला पिक हवा म्हणून त्यांनी शिकागोला ९वा, ६१वा, २०२४चा पहिल्या फेरीचा, २०२५चा दुसऱ्या फेरीचा पिक आणि वर डीजे मूर दिला. टीम आधीच कमकुवत, मूरसारखा हातचा चांगला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) गेलेला, आणि नवखा क्वार्टरबॅक पहिल्याच वर्षी मैदानात. १७पैकी २ विजय. २०२४चा तो पिक थेट पहिला निघाला आणि शिकागोने त्यावर केलेब विल्यम्स घेतला. ठरावीक रीतीने ४२० धरायचा तो पिक ३०००चा!

म्हणून आत्ताचा पिक विकून पुढच्या वर्षीचा घेणाऱ्याने १६ हा आकडा सोडून द्यावा आणि दोन गोष्टी बघाव्यात: समोरची टीम आत्ता किती जिंकते, आणि घेतलेला क्वार्टरबॅक लगेच खेळणार का. दुबळ्या टीमचा पिक पहिल्या दहात धरूनच बोलणी करावीत. आपला पुढचा पिक देऊन वर सरकणाऱ्यानेही स्वतःचा हंगाम वाईट जाईल असं धरून किंमत लावावी. क्वार्टरबॅक सोडून दुसऱ्या कुणासाठी असा पिक देणं मला पटत नाही. कारण मॅसी आणि थेलर या संशोधकांच्या ड्राफ्टवरच्या अभ्यासात, एकाच पोझिशनवर लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधीचा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के निघाली.

हे सगळं आधी ठरवून ठेवावं लागतं, कारण ड्राफ्टमध्ये प्रत्येक पिकसाठी ठरलेल्या वेळेचं घड्याळ चालू झाल्यावर वेळ फक्त फोनपुरता उरतो. ‘आमचा माणूस शिल्लक असेल तर’ या अटीवर सौदा आधीच पक्का करून ठेवायचा. शिवाय ट्रेड दोन्ही टीमनी लीगला कळवल्याशिवाय लागू होत नाही. २००३ मध्ये सातव्या पिकवर मिनेसोटाचा बॉल्टिमोरशी सौदा ठरत आला होता, पण लीगकडे त्याची खातरजमा वेळेत पूर्ण झाली नाही. वेळ संपली, जॅक्सनव्हिल आणि कॅरोलायना पुढे घुसल्या आणि मिनेसोटाला नववा खेळाडू निवडावा लागला.