मार्गशीर्षातली टर्की

थँक्सगिव्हिंग हा टर्की पक्ष्याच्या जेवणाचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी साजरा करायचा, असा कायदा अमेरिकेत १९४१ साली झाला. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टसाहेबांच्या कानावर मार्गशीर्ष कोणी घातला नसावा. २०२५ साली हा गुरुवार २७ तारखेला आला. मार्गशीर्षातला पहिलाच. दिवाणखान्यात चौरंग, चौरंगावर कलश, कलशावर नारळ आणि शेजारी सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या सासूबाई. गराजमधल्या फ्रीजमध्ये १६ पौंडांची टर्की. मुलांनी शेजाऱ्यांना जेवायचं आमंत्रण परस्पर देऊन टाकलं होतं आणि त्या दिवशी अमेरिकन माणसाची साबुदाण्याच्या खिचडीवर बोळवण करणं बरं दिसत नाही.

तह सासूबाईंनीच केला. "घरात शिजवायचं नाही, घरातल्या भांड्याला हात लावायचा नाही आणि या घरात आज कोणी खायचं नाही. पाहुण्यांना तुम्ही बाहेर काय हवं ते घाला."

बाहेर म्हणजे शिकागोच्या उपनगरातलं अंगण, नोव्हेंबरअखेरचं. ओव्हन हातचा गेला. उरला कोळशाचा गोल ग्रिल. तो मुळात याच शहराचा. वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा गोळा मधोमध कापून त्याचा ग्रिल केला. वाऱ्यानं विस्तव विझू नये म्हणून झाकण. माणसासाठी मात्र झाकणाची सोय नाही.

अख्खी टर्की भाजायला ठेवली की मांड्या शिजेपर्यंत छातीचा भुसा होतो. म्हणून तिचा कणा कापून काढायचा आणि तिला पुस्तकासारखी उघडून सपाट करायची. पक्षी लवकर शिजतो, झाकणही बसतं. कोंबडीच्या कात्रीनं त्या कण्यापुढे दोन मिनिटांत शरणागती पत्करली. शेवटी गराजमधली कोरी करकरीत पत्रा कापायची कात्री धुऊन घेतली. मग पक्षी उताणा करून छातीवर दोन्ही तळवे ठेवले आणि सगळा भार टाकला. कडाक्!

"काय मोडलं हो?" आतून सासूबाई.

"काही नाही आई, गुडघा वाजला."

"खारीक खात जा."

हे सगळं बुधवारी. त्याआधी फ्रीजमध्ये बर्फ सुटायलाच चार दिवस लागलेले. मग मीठ आणि मालवणी मसाला चोळून रात्रभर उघडी ठेवली, म्हणजे कातडी सुकते आणि नंतर कुरकुरीत होते. लोक यात साखरही घालतात. मी घालत नाही. कोळशावर साखर आधी करपते आणि पाहुणे नंतर.

गुरुवारी दुपारी कोळसे पेटवायच्या पत्र्याच्या चिमणीत कोळसे भरले, खाली वर्तमानपत्राचा बोळा पेटवला. कोळशांवर राख धरल्यावर ते एका बाजूला लोटायचे, पक्षी दुसऱ्या बाजूला, तंगड्या विस्तवाकडे. कारण मांडीला जास्त आच लागते. सपाट केलेली १६ पौंडी टर्की बावीस इंची जाळीवर ठेवली की 'दुसरी बाजू' नावाला उरते. तंगड्या निखाऱ्यांवर लोंबत होत्या, पंख झाकणाला टेकत होते. छातीत १६५ फॅरनहाइट व्हायला हवं, त्याखाली सरकारला चालत नाही. थर्मामीटरचा काटा १४८ वर येऊन बसला. वाऱ्यानं उष्णता पळवली होती. मी कोळसे वाढवले, खालची झडप पूर्ण उघडली आणि ग्रिलला पाठ लावून उभा राहिलो. त्याला माझी ऊब आणि मला त्याची.

साडेचारला अंधार पडला. सरकत्या दारातून कथा ऐकू येऊ लागली. शामबालेनं बापाला हंडाभर मोहरा दिल्या, सुरतचंद्रिका राणीनं झाकण काढलं, "तर आत काय? नुसते कोळसे!" नेमकं तेव्हाच मी झाकण उचललं होतं. कथा पूर्वी अनेकदा ऐकली होती, पण राणीबद्दल इतका जिव्हाळा कधी वाटला नव्हता. पुढे लेक माहेराहून मीठ नेते तोवर काटा १६५ वर पोचला. मी आरतीला बाहेरूनच टाळ्या वाजवल्या.

पान गराजमध्ये मांडलं. पाहुणे जाकिटं घालून, हीटरभोवती, गाडी आणि बर्फ ढकलायच्या यंत्राच्या मध्ये बसले. आपल्याकडे असंच जेवतात, अशी त्यांची समजूत झाली आणि ती काढायचं मला सुचलं नाही. सासूबाईंनी आतून पुरणपोळ्या आणि तूप पाठवलं. शेजारच्या आजोबांनी पोळीत टर्की गुंडाळली, वर तूप ओतलं आणि तिसरी मागितली.

मी वाढत होतो. एक तंगडी फॉइलमध्ये गुंडाळून बाजूला ठेवली होती. धाकट्यानं वकिली केली, "आजी, इंडियात शुक्रवार लागला!"

आजी डगमगल्या नाहीत. "आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, रात्री बाराला नाही."

हिशेब केला. पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमाराला, म्हणजे इथे सव्वासातला. एवढं थांबणं शक्य होतं. तरी खात्री म्हणून सासूबाईंनी धाकट्या बहिणीला कोथरूडला फोन लावला, स्पीकरवर. "अगं, गॅलरीतून बघ जरा, सूर्य उगवला का?"

"आमच्याकडे कुठला?" मावशी म्हणाल्या. "समोर टॉवर झालाय ना. साडेआठशिवाय दिसत नाही."