एसटी परत डेपोत

आमच्या ऑफिसात रोज रात्री दहाला बॅकअप व्हायचा. निदान आमची तशी श्रद्धा होती. संध्याकाळी शिपाईमामा ड्राइव्हमध्ये त्या वाराची टेप सारायचे, सकाळी काढून लोखंडी कपाटात ठेवायचे. सोम ते शुक्र अशा पाच टेपा, प्रत्येकीवर मामांच्या अक्षरातलं लेबल. एलटीओ-४ ची टेप म्हणजे तळहातावर मावणारं चौकोनी डबडं. आत ८२० मीटर फीत, ८०० जीबीची जागा. लॉगमध्ये रोज 'ओके' यायचं. दीड वर्ष मी ते 'ओके' पाहून चहाला गेलो.

हा बॅकअप घेणारं मशीन लिनक्सवर चालायचं, आणि लिनक्स मशीनचा स्वभाव जुन्या वळणाच्या सासऱ्यासारखा असतो. सगळं सुरळीत असेल तर तोंडातून चकार शब्द नाही, आणि बोललंच तर ते नक्की कशाबद्दल बोललं हे उलगडायला दोन दिवस जातात.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी अकाउंट्सच्या मॅडम आल्या. "अहो, माझं लेजरचं फोल्डर दिसत नाहीये. चुकून माझ्याकडूनच उडालं असणार. तुमच्याकडे बॅकअप असेलच ना?"

"म्हणजे काय! असणारच," मी म्हणालो. ज्या थाटात म्हणालो तो थाट आठवला की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

'शुक्र' लावली आणि फायली टेपवर बांधणाऱ्या-सोडणाऱ्या टार नावाच्या प्रोग्रॅमला म्हटलं, बाबा, यादी दाखव. टार म्हणजे मुळात 'टेप आर्काइव्ह'. १९७९ मध्ये युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाच्या, सातव्या आवृत्तीत ते आलं ते टेपांसाठीच. त्यामुळे हे तर त्याचं घरचं कार्य. ड्राइव्ह घरघरला, थांबला, आणि पडद्यावर आलं: 'कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी'.

मेमरी कमी पडतेय, मी निदान केलं. साहेबांची सही घेतली, ८ जीबीची मेमरी १६ केली, बिल फाइलला लावलं. पुन्हा टार. पुन्हा तेच वाक्य, एका अक्षराचाही फरक न करता.

तोवर मामा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. "साहेब, एक बोलू? खंडेनवमीला मी त्या मशीनची पूजा केली होती." ड्राइव्हच्या फटीच्या वर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं खरं, आणि मागच्या वायरींत झेंडूची एक सुकलेली पाकळीही सापडली. लगेच अख्ख्या ऑफिसचं एकमत झालं: कुंकू आत गेलं. क्लीनिंगचं कार्ट्रिज आणवलं, ड्राइव्हला दोनदा चारलं. टारचं म्हणणं कायम. मामांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

रात्री एकटाच बसून टेप ड्रायव्हरचं, म्हणजे ड्राइव्ह हाकणाऱ्या सॉफ्टवेअरचं, मॅन्युअल वाचलं. हे आधी का वाचलं नाही, असं कृपया विचारू नका. गोम अशी होती: बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला रोज द्यायच्या हुकमांची यादी, माझीच. वेग वाढावा म्हणून मी तिच्यात २५६ केबीचे ठोकळे लिहायला सांगितलं होतं. वाचताना मात्र तसं काहीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे टार आपल्या मुळच्या सवयीनं १० केबीची वाटी घेऊन उभं होतं. समोरून हंडा ओतायला आलेला ड्रायव्हर 'तुझी वाटी लहान आहे' असं सरळ म्हणत नाही. तो म्हणतो, मेमरी नाही. आणि माणसं बाजारात जाऊन रॅम आणतात.

टारला मोठा हंडा दिला आणि यादी धबाधबा वाहू लागली. मी मुठी आवळून ओरडणार, तेवढ्यात नावं वाचली. महाबळेश्वर-१. महाबळेश्वर-२. वेण्णा लेक, घोड्यावर. सगळे साहेबांचे सहलीचे फोटो. संपले, की टेप संपली.

स्क्रिप्ट रोज तीन गोष्टी टेपवर टाकायची: आधी अकाउंट्स, मग मेल, शेवटी साहेबांचं फोल्डर. तिन्ही वेळा मी टेप ड्राइव्हचा पत्ता दिला होता एसटी-शून्य. आता या नावातला एसटी म्हणजे स्कझी टेप (स्कझी ही ड्राइव्ह मशीनला जोडायची एक पद्धत), हे मला पाठ होतं; पण महाराष्ट्रात जन्मून एवढं कळू नये? एसटी फेरी झाली की डेपोत परत येते. काम संपलं की हे उपकरणही टेप मुकाट्यानं सुरुवातीला गुंडाळून ठेवतं. पुढची फेरी पुन्हा पहिल्या थांब्यापासून, आधीच्या प्रवाशांच्या मांडीवर. शिवाय नवं लिहून झालं की 'इथे संपलं' अशी खूण बसते. तिच्यापुढे जुनं काही उरलं असलं तरी ड्राइव्ह तिकडे फिरकत नाही. टेप जिथल्या तिथे उभी राहायला हवी असेल तर पत्ता एनएसटी-शून्य. एका 'एन'चा प्रश्न होता.

'गुरु' लावली. घोडा. 'बुध'. घोडा. पाच टेपा मिळून चार किलोमीटरच्या वर फीत, आणि दीड वर्षाच्या साधनेचं फळ म्हणजे वेण्णा लेकवरचे साहेब, प्रत्येकी एक प्रत.

सकाळी मॅडमपुढे उभा राहिलो. चारदा घसा साफ केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पर्स उघडली, कुंकवाच्या डबीशेजारची छोटी कापडी पिशवी काढली आणि तिच्यातून एक पेनड्राइव्ह. "शनिवारपर्यंतचं आहे. मी आपली दर शनिवारी घेऊन ठेवते. तुमचा तो बॅकअप असतोच, पण आपलं आपल्याजवळ असावं."

आता स्क्रिप्टमध्ये 'एन' आहे. तिन्ही फेऱ्या झाल्या की टेप कितव्या फाइलवर उभी आहे ते मी रोज पाहतो, आणि दर शुक्रवारी लेजर टेपवरून उतरवून मॅडमना दाखवतो. त्या अगदी कौतुकानं पाहतात, "छान" म्हणतात.

पेनड्राइव्ह मात्र परत पर्समध्ये जातो.