पन्नासच पाहिजे

आमच्या तंत्रनिकेतनातला टर्मिनेटर हरवला. केबलच्या टोकाला लावायची अंगठ्याएवढी टोपी, आत केबलला जुळणारा ५० ओहमचा रेझिस्टर. विद्यार्थ्यांनी नेला म्हणवत नाही. तो काय असतो हेच त्यांना ठाऊक नाही.

आणि मला नेमका १० नॅनोसेकंदांच्या पल्सचा करंट मोजायचा होता. केबलच्या टोकाला ५० ओहम लावायचे, स्कोपच्या पडद्यावर व्होल्ट बघायचे, ५०ने भागायचं. ५ व्होल्ट म्हणजे १०० मिलिअँपिअर. टोक मोकळं सोडलं की पल्स तिथे आपटून उलटा फिरतो आणि १० व्होल्ट दिसतात. पल्स सोडणारा आमचा जनरेटरही केबलशी नीट जुळलेला नाही, त्यामुळे २०० नॅनोसेकंदांनी त्याच पल्सचं भूत पुन्हा हजर. केबल २० मीटर, मीटरला ५ नॅनोसेकंद, जाऊन-येऊन २००.

गेलो दारव्ह्याला, डिशच्या दुकानात.

"पन्नासचा नाही सर. पंचाहत्तरचा घ्या ना, त्याच भावात."

बाकड्यावर एक बुढा खर्रा घोटत बसला होता. "मास्तर, पन्नास मांगून राहिले अन् पंचाहत्तर भेटून राहिले, तरी तोंड पाडून कायले उभे? आमच्या सोयाबीनले असं कोनी देत नाही."

इथे गप्प बसायचं सोडून मी पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. ७५ वजा ५०, भागिले ७५ अधिक ५०. व्होल्टेजचा पाचवा हिस्सा उलटा फिरतो.

"कुठी फिरते?"

"मागे. आला तिकडे."

खर्रा घोटायचा थांबला. "म्हंजे लाइन वीस टक्के वापस जाते?"

"तसं नाही आजोबा, हे पल्सचं…"

"जाते का नाही जाते?"

"जाते, पण…"

"मंग बिल पुरं कायले घेते?"

दुकानदारानेही गल्ल्यातून स्वतःचं बिल काढलं.

हसू आलं, पण पुरतं नाही. रात्रपाळीची लाइन आली की हाच माणूस थंडीत बॅटरी घेऊन, रानडुकरांच्या वावरात हरभऱ्याला पाणी द्यायला जातो. त्याला मी इम्पीडन्स शिकवणार! आणि माझं तरी काय? नव्या टर्मिनेटरचं मागणीपत्र तीन सह्यांसाठी दिवाळीपासून फिरतंय. पल्स २०० नॅनोसेकंदांत परत येतो, मागणीपत्र दर पंधरा दिवसांनी.

परतीच्या एसटीत आठवलं, शंभरचे दोन रेझिस्टर समांतर जोडले की पन्नास. दरवर्षी परीक्षेत विचारतो मी हे. दोन गुणांना.

रविवारी सकाळी बुढा दारात. हातात चार घरांची बिलं.

"मास्तर, ते वीस टक्क्याचं लिहून द्या. अन् सही इंग्रजीत करा."